एका टाकून दिलेल्या नावेची पृथ्वीप्रदक्षिणा

श्रोतेहो, आपल्या गावात कुठे ना कुठे एखादी मोडकी बैलगाडी पडलेली असते. चाकाच्या आऱ्या निखळलेल्या, साटा कुजलेला, आणि वर रानवेल चढलेला. येणारे-जाणारे तिच्याकडे बघतात आणि म्हणतात, आता हिचे जळणच व्हायचे. पण गावातला एखादा म्हातारा सुतार तिच्याभोवती दोनदा फिरतो, आखावर हात ठेवतो, आणि म्हणतो, "अजून हिच्यात जीव आहे." आज मी जी हकीगत सांगणार आहे, ती अशाच एका टाकून दिलेल्या वस्तूची आणि तिच्यात जीव आहे असे म्हणणाऱ्या एका माणसाची आहे. फरक एवढाच, की ती वस्तू बैलगाडी नव्हती, नाव होती. आणि दुरुस्त झाल्यावर ती बाजाराला गेली नाही, पृथ्वीला प्रदक्षिणा घालून आली.

गोष्ट १८९२ सालच्या हिवाळ्यातली. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर बोस्टन नावाचे मोठे बंदर आहे. तिथे जोशुआ स्लोकम नावाचा एक कप्तान कामाच्या शोधात फिरत होता. जन्म १८४४ चा, कॅनडातल्या नोव्हा स्कोशिया या समुद्रकाठच्या मुलखातला. बाप कोळ्यांसाठी बूट शिवायचा. पोराने लपूनछपून एक लाकडी जहाज कोरले, ते बापाच्या हाती लागले, आणि बापाने ते मोडून टाकले. पोरगा पुढे घर सोडून समुद्रावर गेला तो गेलाच. साधा खलाशी म्हणून चढला आणि मोठमोठ्या शिडाच्या जहाजांचा कप्तान झाला. पुढे दिवस फिरले. १८८४ साली बायको वारली. १८८७ साली त्याचे स्वतःचे जहाज ब्राझीलच्या किनाऱ्यावर फुटले. तेव्हा या माणसाने काय केले? तिथेच किनाऱ्यावर ३५ फुटांची एक नाव बांधली आणि दुसरी बायको व दोन मुले घेऊन तीतून अमेरिका गाठली.

पण घरी आल्यावर त्याला कोणी विचारीना. कारण काळच बदलला होता. समुद्रावर आता आगबोटी धावू लागल्या होत्या. वाऱ्याची पारख, शिडाचा अंदाज, ही विद्या जन्मभर कमावलेली. तिला बाजारात भाव राहिला नव्हता. गावात पिठाची गिरणी आल्यावर जात्याला टाकी लावणाऱ्याचे जे होते, तेच या कप्तानाचे झाले.

अशा वेळी एका जुन्या ओळखीच्या कप्तानाने, एबेन पिअर्स त्याचे नाव, त्याला म्हटले, "फेअरहेवनला ये. तुला एक जहाज देतो. थोडी दुरुस्ती हवी आहे." स्लोकम आनंदाने गेला. पाहतो तो काय, किनाऱ्यापासून दूर एका कुरणात, खाली टेकू आणि वर जुने कापड अशा थाटात एक म्हातारी नाव उभी! नाव तिचे 'स्प्रे', म्हणजे तुषार. कालवे गोळा करणाऱ्यांची ही जुनी होडी सात वर्षे तशीच पडली होती. पिअर्सने मित्राची थट्टाच केली होती. शेजारीपाजारी जमले आणि विचारू लागले, "काय, मोडायला आलात वाटतं?" स्लोकम म्हणाला, "नाही, बांधायला आलोय." गावात चर्चा सुरू झाली. पहिला प्रश्न सगळ्यांचा एकच, यात पैसा सुटेल का?

आता ही बांधणी कशी झाली ते थोडे सविस्तर सांगतो, कारण शिक्षकांना आणि कारागिरांना त्यात रस वाटेल. जवळच्या रानात एक ओकचे झाड होते. ओक म्हणजे तिकडचे सागासारखे टिकाऊ लाकूड. ते तोडून त्याने नावेचा कणा केला. नावेच्या तळाशी नाळेपासून वराम्यापर्यंत, म्हणजे पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत, जे लांब लाकूड जाते त्याला मी कणा म्हणतो. मग बरगड्या. लाकूड सरळ, बरगडी वाकडी. ती वाकवायची कशी? त्याने चुलीवर पाणी उकळत ठेवले, त्या वाफेत लाकडे नरम केली, आणि नरम असतानाच साच्यावर वाकवून बांधली. सुकल्यावर तो बाक कायमचा राहिला. वर दीड इंच जाडीच्या पाइनच्या फळ्या ठोकल्या. दोन फळ्यांमधल्या फटीत कापूस आणि दोरखंडाचा पिंजलेला ताग ठासून बसवला, की पाणी आत शिरू नये. आपल्या कोकणातले कारागीर पिढ्यानपिढ्या हेच करीत आले. वाटेने जाणारे म्हातारे दर्यावर्दी काम बघायला थांबत, गप्पा मारीत, आणि मारलेल्या खुंट्यांवर आपले मत देऊन पुढे जात.

तेरा महिने हे काम चालले. खर्च आला ५५३ डॉलर आणि ६२ सेंट. मेहनत त्याच्या पदरची. नाव तयार झाली तेव्हा ३६ फूट ९ इंच लांब, १४ फूट २ इंच रुंद होती. म्हणजे आपल्या एस. टी. च्या गाडीएवढी लांब आणि तिच्या दीडपट रुंद. जुन्या स्प्रेचे लाकूड जवळजवळ सगळे बदलले गेले होते. मग ही नाव जुनी की नवी? स्लोकमचे म्हणणे असे, की एकेक लाकूड बदलत गेले आणि शेवटी सारेच नवे झाले, तरी जहाज तेच राहते. आपण नाही का, पणजोबांच्या घराची तुळई आजोबांनी बदलली, कौले वडिलांनी बदलली, भिंत आपण बांधली, तरी 'पणजोबांचे घर' म्हणतो?

१८९५ सालच्या २४ एप्रिलला हा एक्कावन्न वर्षांचा माणूस एकटाच बोस्टनहून निघाला, आणि २ जुलैला नोव्हा स्कोशियाचा किनारा सोडून अटलांटिक महासागरात शिरला. तोपर्यंत साऱ्या पृथ्वीभोवती एकट्याने नाव हाकून कोणी गेल्याची नोंद नव्हती.

इथे कोणी ग्रामस्थ विचारील, की एकटा माणूस झोपतो केव्हा? सुकाणू कोण धरतो? प्रश्न अगदी बरोबर आहे. आणि उत्तर तुम्हाला बैलगाडीवरूनच कळेल. गाडीत माल मागे जास्त भरला तर गाडी उलाळ होते. पुढे जास्त भरला तर बैलांच्या मानेवर भार येतो. बरोबर मधे तोलून भरला, की गाडी आपोआप सरळ चालते आणि गाडीवान डुलकी काढतो. नावेचेही तसेच. मागचे मोठे शीड वाऱ्याने नावेचे तोंड एका बाजूला वळवू पाहते, पुढचे लहान शीड तेच तोंड दुसऱ्या बाजूला ओढते. दोन्हींचा तोल जमला, आणि नावेचा कणा लांब व सरळ असला, की सुकाणू दोरीने बांधून ठेवले तरी नाव आपली दिशा सोडीत नाही. स्प्रेमध्ये हा तोल विलक्षण साधला होता. हिंदी महासागरात थर्सडे बेटापासून कीलिंग-कोकोस बेटांपर्यंतचा २,७०० मैलांचा प्रवास तिने २३ दिवसांत केला. स्लोकम लिहितो, की त्या २३ दिवसांत सुकाणूपाशी तो सगळे मिळून तीन तासही उभा राहिला नाही.

दुसरा प्रश्न, एवढ्या पाण्यात आपण कुठे आहोत हे कळते कसे? उत्तर-दक्षिण अंतर सूर्याच्या किंवा ताऱ्यांच्या उंचीवरून काढता येते. पूर्व-पश्चिम अंतराला मात्र घड्याळ लागते. पृथ्वी चोवीस तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे तासाला १५ अंश. कोलकाता मुंबईच्या पूर्वेला साधारण साडेपंधरा अंशांवर आहे. म्हणून तिथे सूर्य मुंबईपेक्षा सुमारे एक तास दोन मिनिटे आधी डोक्यावर येतो. एका ठिकाणची वेळ घड्याळात नेमकी सांभाळली आणि आपल्या जागची वेळ सूर्यावरून काढली, की दोहोंच्या फरकावरून जागा सापडते. शिक्षकांनी हे वर्गात अवश्य करून दाखवावे. त्यासाठी कप्तान लोक फार महागडे, अचूक घड्याळ बाळगीत. स्लोकमचे तसले घड्याळ दुरुस्त करायला पंधरा डॉलर लागणार होते, म्हणून त्याने ते घरीच ठेवले आणि वाटेत एक पत्र्याचे घड्याळ विकत घेतले. किंमत दीड डॉलर. तबकडी फुटलेली होती म्हणून दुकानदाराने एक डॉलरला दिले!

मग त्याचे काम चालले कसे? एक तर जन्मभराच्या सवयीने, किती वेग, कोणती दिशा, किती तास, या अंदाजाने. आणि दुसरे म्हणजे चंद्रावरून. चंद्र ताऱ्यांमधून सरकतो, आणि त्याचे सूर्यापासूनचे किंवा ताऱ्यापासूनचे अंतर मोजून वेळ काढण्याची एक जुनी, किचकट रीत आहे. पॅसिफिक महासागरात त्याने ती करून पाहिली. उत्तर आले ते त्याच्या अंदाजापेक्षा शेकडो मैल चुकलेले. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, छापील कोष्टक खोटे कसे असेल, माझाच अंदाज चुकला. स्लोकमने पुन्हा बसून सारी आकडेमोड तपासली, आणि कोष्टकातच एक आकडा चुकीचा छापलेला सापडला. तो सुधारल्यावर चंद्राचे उत्तर आणि त्याचा अंदाज यांत पाच मैलांचा फरक उरला. शाळा लवकर सुटलेल्या माणसाची ही गोष्ट. पुस्तक मानावे, पण पुस्तकापुढे आपली अक्कल गहाण टाकू नये, एवढे यातून मुलांना सांगता येईल.

वाटेवरच्या साऱ्याच घटना सांगत बसलो तर रात्र पुरायची नाही. चार-दोन तेवढ्या सांगतो. अझोर्स बेटांवर लोकांनी प्रेमाने दिलेली अलुबुखार आणि पांढरे चीज खाऊन त्याच्या पोटात असा मुरडा उठला, की तो खोलीत लोळागोळा होऊन पडला. त्या तापाच्या भरात त्याला दिसले, की एक परका खलाशी सुकाणू धरून उभा आहे आणि सांगतो आहे, मी कोलंबसाच्या ताफ्यातला, तू नीज. सकाळी पाहतो तर वादळातून नाव बरोबर आपल्या वाटेवर! भ्रम म्हणा, काही म्हणा. पण त्या रात्री नावेचा तोलच कामी आला, हे उघड आहे.

जिब्राल्टरहून सुएझच्या वाटेने पूर्वेकडे जायचा त्याचा बेत होता. तिथल्या आरमारी अधिकाऱ्यांनी चाच्यांची भीती सांगितली, म्हणून त्याने बेत बदलला आणि अटलांटिक पुन्हा ओलांडून दक्षिण अमेरिका गाठली. उरुग्वेच्या किनाऱ्याशी नाव वाळूत रुतली. नांगर दूर नेऊन टाकावा म्हणून तो लहान होडीतून गेला, तर होडी उलटली. आणि आता ऐका: या माणसाला पोहायला येत नव्हते! उलटी होडी सरळ करून कसाबसा तो किनाऱ्याला लागला. पुढे ब्युनोस आयर्सला त्याने डोलकाठी सात फुटांनी कापून आखूड केली, आणि नंतर वराम्यावर एक लहान डोलकाठी व शीड बसवले. पुढे वादळी समुद्र आहे, तेव्हा वेगापेक्षा तोल बरा, हा त्यामागचा विचार. घरच्या हत्यारांनी केलेली ही दुरुस्ती पुढे त्याच्या जिवावरचे संकट टाळणारी ठरली.

दक्षिण अमेरिकेच्या टोकाशी मॅगेलनची सामुद्रधुनी आहे. तिच्या आधीच पॅटागोनियाच्या किनाऱ्याजवळ एक प्रचंड लाट डोंगरासारखी उठून आली. स्लोकम शिडाच्या दोरांवरून वर चढला आणि लटकून राहिला. खाली सारी नाव पाण्याखाली गेली. क्षणभर तिचा एक तुकडाही दिसेना. मग ती हळूहळू वर आली. सामुद्रधुनीतून पॅसिफिकमध्ये पोचताच वादळाने त्याला ढकलीत केप हॉर्नकडे नेले, आणि काळोख्या रात्री तो अशा खडकाळ पाण्यात सापडला, की चहूकडे फक्त फुटणाऱ्या लाटांचा पांढरा फेस. दर्यावर्दी त्या जागेला आकाशगंगा म्हणत. तिथून तो सुटला आणि फिरून सामुद्रधुनीत आला.

त्या भागातल्या रहिवाशांची त्याला धास्ती होती. एका खलाशाने त्याला गालिच्याला मारायच्या बारीक खिळ्यांची थैली दिली होती. झोपताना त्याने ते खिळे टोके वर करून फळ्यांवर पसरले. रात्री काही माणसे नावेवर चढली आणि अनवाणी पायांना टोचताच ओरडत पाण्यात उड्या टाकून पळाली. ही गोष्ट सांगून लोक हसतात. पण इतिहास सांगणाऱ्याने दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्याच काळात त्या रहिवाशांच्या जमिनी मेंढ्यांच्या मोठमोठ्या कुरणांसाठी बळकावल्या जात होत्या, त्यांना मारले जात होते. त्या लोकांनी आपली हकीगत लिहून ठेवली नाही, स्लोकमने ठेवली. म्हणून आपल्या कानावर एकाच बाजूचे बोलणे येते.

पुढे हुआन फर्नांडेझ बेटावर त्याने बेटकऱ्यांना चरबीत गोड वडे तळायला शिकवले. तिथून निघाला तो ७२ दिवस कुठेही न थांबता सामोआ बेटांपर्यंत गेला. एकटेपणाचे काय? तो सांगतो, की सुरुवातीला आपला आवाज बसू नये म्हणून तो मोठ्याने हुकूम द्यायचा, जणू सुकाणूपाशी कोणी उभे आहे! उत्तर येईना, तेव्हा ते त्याने सोडून दिले आणि गाणी म्हणू लागला. ऐकायला कासवे आणि डॉल्फिन. ऑस्ट्रेलिया, मॉरिशस, दक्षिण आफ्रिका असे करीत तो परतला. सेंट हेलेना बेटावर कोणी त्याला एक बकरी भेट दिली. या बकरीने दोर खाल्ले, त्याची गवती टोपी खाल्ली, आणि वेस्ट इंडीज बेटांचा समुद्रनकाशाही खाल्ला! चाच्यांनी, वादळांनी जे नुकसान केले नाही, ते बकरीने केले. ज्यांच्या दारी बकरी आहे त्यांना हे पटेल.

१८९८ सालच्या २७ जूनला पहाटे एक वाजता स्प्रे अमेरिकेच्या न्यूपोर्ट बंदरात शिरली. तीन वर्षे दोन महिने आणि ४६,००० मैल. मग ती पुन्हा फेअरहेवनला, जिथे नव्याने पाण्यात उतरली होती तिथेच, नेऊन बांधली. १९०० साली स्लोकमचे पुस्तक निघाले आणि जगभर वाचले गेले.

श्रोतेहो, आता एक अवघड प्रश्न विचारतो. हे सारे खरे कशावरून? समुद्रावर तो एकटा. साक्षीला कोणी नाही. लिहिणारा तोच, वाखाणणारा तोच. त्याच्या पुस्तकातले कोलंबसाच्या खलाशाचे दर्शन आपण भ्रम म्हणून सोडून देऊ; पण प्रवास? प्रवासाला पुरावा आहे, कारण तो बंदरोबंदरी थांबला. हजारो लोकांनी नाव पाहिली, वर्तमानपत्रांनी बातम्या दिल्या, माणसे तिच्यावर चढून गेली. दोन बंदरांच्या मधल्या गोष्टी मात्र त्याच्या शब्दावरच मानाव्या लागतात. म्हणून एकट्या खलाशाची खरी कसोटी वादळात नसते, नोंदवहीत असते. कोणी पाहत नसताना तो काय लिहितो, हे महत्त्वाचे.

सत्तर वर्षांनी ही कसोटी पुन्हा लागली, आणि त्या वेळी तिचा धागा आपल्या मुंबईला जोडलेला होता. १९६८ साली एका इंग्रजी वर्तमानपत्राने शर्यत जाहीर केली: एकट्याने, कुठेही न थांबता, पृथ्वीप्रदक्षिणा. नऊ जण निघाले. त्यांत रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन नावाचा एकोणतीस वर्षांचा व्यापारी जहाजावरचा अधिकारी होता. त्याची नाव 'सुहेली' सर्वांत लहान आणि मंद नावांपैकी एक. ३२ फूट लांबीची ही नाव मुंबईत कुलाब्याला बांधलेली होती, हिंदुस्थानी सागाची. आराखडा जुन्या धाटणीचा, नॉर्वेच्या किनाऱ्यावरच्या बचाव-नावांच्या वळणाचा. आणि बांधणारे आपले मुंबईचे सुतार. वाकसाने लाकूड तासायचे, दोरीने फिरवायच्या सामत्याने भोके पाडायची, अशी त्यांची रीत. १९६४ सालच्या डिसेंबरात नाळेवर नारळ फोडून ती पाण्यात सोडली. इराणच्या आखातातले अरब खलाशी एका वाऱ्याला सुहेली म्हणतात. त्यावरून तिचे नाव.

१४ जून १९६८ रोजी ती इंग्लंडच्या फालमथ बंदरातून निघाली. थोड्याच दिवसांत कण्याजवळचा सांधा ढिला होऊन पाणी आत येऊ लागले. लाकडाने दगा दिला नव्हता. सांधा उघडत होता. भर अटलांटिकमध्ये नॉक्स-जॉन्स्टनने पाण्यात बुडी मारली, श्वास धरवेल तेवढा वेळ खाली राहून फटीत कापूस ठासला, पुन्हा वर आला, पुन्हा बुडी. घिरट्या घालणारा एक शार्क त्याने बंदुकीने मारला आणि मग काम पुरे केले. कापसावर तांब्याची पट्टी ठोकली. ती पट्टी रेडिओ बसवणारे कारागीर मागे टाकून गेले होते! पुढे आफ्रिकेच्या दक्षिणेला वादळाने नाव आडवी केली, पिण्याचे पाणी नासले. मग शिडावरचे पावसाचे पाणी धरून तो जगला. स्वतः सुकाणू सांभाळणारे यंत्र मोडले, रेडिओ मुका झाला. महिनोन्महिने त्याचा ठावठिकाणा लागेना. यंत्र गेल्यावर त्याने केले काय? स्लोकमने केले तेच: शिडांचा तोल साधला आणि नावेला आपली आपण चालू दिले.

२२ एप्रिल १९६९ रोजी, ३१२ दिवसांनी, सुहेली फालमथला परत आली. जकात अधिकाऱ्यांनी रिवाजाप्रमाणे विचारले, "कुठून आलात?" तो म्हणाला, "फालमथहून." नऊ जणांपैकी शर्यत पुरी करणारा तो एकटाच. पृथ्वीभोवती एकट्याने, न थांबता गेलेली पहिली नाव मुंबईच्या सुतारांच्या हातची होती. शर्यतीतल्या दुसऱ्या एका खलाशाने, फ्रान्सच्या मोइतेसिएने, आपल्या नावेचे नाव 'जोशुआ' ठेवले होते, आपल्या स्लोकमच्या आठवणीसाठी. त्याने तर जिंकायच्या बेतात असताना शर्यतच सोडली आणि तो ताहिती बेटांकडे निघून गेला.

आणि याच शर्यतीत डॉनल्ड क्रोहर्स्ट हाही होता. हुशार माणूस, पण कर्जाच्या ओझ्याखाली आणि लोकांच्या अपेक्षेखाली दबलेला. नाव नीट तयार झाली नसताना निघण्याच्या शेवटच्या दिवशी तो निघाला. ही नाव दक्षिणेच्या समुद्रात टिकणार नाही, हे त्याला लवकरच कळले. परत यावे तर घरदार बुडणार. मग तो अटलांटिकमध्येच घुटमळत राहिला आणि रेडिओवरून खोटे ठिकाण कळवू लागला. बातम्यांत तो सर्वांच्या पुढे! त्याला गाठावे म्हणून नायजेल टेटली या दुसऱ्या स्पर्धकाने आपली खिळखिळी झालेली नाव ताणली आणि ती घराजवळ येता येता बुडाली. टेटली मात्र वाचला. आता क्रोहर्स्ट परतला, तर त्याच्या नोंदवह्या तपासल्या जाणार होत्या. १० जुलै १९६९ रोजी त्याची नाव समुद्रात रिकामी सापडली. नोंदवह्या आत होत्या. त्यांवरून सारे उघड झाले. तो पुन्हा कोणाला दिसला नाही. नॉक्स-जॉन्स्टनने आपल्या बक्षिसाचे पाच हजार पौंड क्रोहर्स्टच्या बायकामुलांना देऊन टाकले.

क्रोहर्स्टला हसणे सोपे आहे. पण विचार करा, नाव तयार नाही, मी जात नाही, एवढे एक वाक्य बोलायचे धैर्य त्या दिवशी त्याला झाले असते, तर दोन नावा आणि एक जीव वाचला असता. समुद्रावर एकट्याने जायला धैर्य लागते हे खरे. पण न जाण्यालाही कधीकधी त्याहून मोठे धैर्य लागते. स्लोकमच्या अखेरीतही हाच धडा आहे. तो म्हातारा झाला, आणि स्प्रेची डागडुजी पूर्वीसारखी राहिली नव्हती असे पाहणारे सांगत. १९०८-०९ च्या सुमारास तो दक्षिण अमेरिकेकडे जायला एकटाच निघाला. ती नाव आणि तो माणूस, दोघेही पुन्हा कोणाला दिसले नाहीत.

आपल्या देशापुरते सांगायचे, तर साताऱ्याकडच्या फलटणजवळ विंचुर्णी नावाचे एक लहान गाव आहे. निवृत्तीनंतर तिथे राहिलेले व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांनी ध्यास घेतला, की एखाद्या भारतीयाने, भारतात बांधलेल्या नावेतून, एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करावी. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या लहानशा कारखान्यात 'म्हादेई' बांधली गेली, आणि नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे २००९ सालच्या ऑगस्टात मुंबईहून निघून २०१० सालच्या मे महिन्यात परत आले. त्यांच्या मागोमाग अभिलाष टॉमी २०१२-१३ साली त्याच नावेतून कुठेही न थांबता जाऊन आले. दोंदे यांना तयारीच्या काळात धडे देणाऱ्यांत एक होते रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन. कुलाब्याच्या सुतारांचे ऋण असे गोव्याच्या वाटेने फिटले म्हणायला हरकत नाही.

मात्र एक गोष्ट मनाला लागते. स्लोकमचे नाव राहिले, नॉक्स-जॉन्स्टनचे राहिले. ज्यांनी सुहेलीचा साग तासला, ज्यांच्या सामत्याच्या दोरीवर ती बांधली गेली, त्यांची नावे किती जणांना ठाऊक आहेत? त्यांनीही कोणी पाहत नसताना काम केले. कण्याजवळच्या अंधारात, जिथे गिऱ्हाइकाची नजर कधी पोचायची नाही, तिथे खिळा सरळ मारला. समुद्राने मात्र ३१२ दिवस तो खिळा तपासला.

शिक्षकांनो, उद्या वर्गात पृथ्वीचा गोल फिरवाल, तेव्हा स्प्रेची वाट मुलांकडून बोटाने गिरवून घ्या. आणि गावकरी मंडळींनो, त्या मोडक्या गाडीकडे जाताजाता एकदा नीट बघा. हात लावून बघा. तिच्यात जीव आहे की नाही, हे लांबून कळत नाही.